विचारल्यावरच नाव

सगुणाबाई सुईण होती आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही. मार्गासनीच्या वरच्या अंगाला निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली होती. ज्या घरात पोरं वाचत नसत, तिथं तिचा एक नेम असे. बारसं करायचं नाही. नाव आधी ठरवायचं नाही, मनातसुद्धा नाही. कुणी उंबऱ्याशी येऊन पहिल्यांदा विचारलं की आधी त्याचं तोंड बघायचं आणि त्या घडीला सुचेल ते नाव द्यायचं. एकदा दिलं की ते जन्माचं. पुढं कुणीही विचारो, तेच सांगायचं.

"नावच न्हाई, तर नेणारी हाक कशी मारंल?" ती म्हणे. शिकलेले हसत. हसोत बापडे, त्यांच्या घरचे पाळणे हलते होते.

दुष्काळाच्या आधल्या साली फुलाबाईला मुलगा झाला. आधीची दोन्ही गेली होती. "आत्या, एवढं तरी राहू द्या," म्हणून तिनं पाय धरले. सगुणाबाईनं तिथंच मुक्काम टाकला.

एका दिवेलागणीला ती पाय पसरून पोराला तेल चोळत होती. परसदारातून ओळखीचा आवाज आला, "काय गं, नाव काय ठेवलं पोराचं?"

"गेनू," सगुणाबाई बोलून गेली. शेजारची अक्काबाईच असणार म्हणून तिनं मान वर केली नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं तोंड न बघता नाव दिलं.

मग तिला आठवलं. अक्काबाई सकाळच्या एसटीनं भोंगवलीला लेकीकडं गेली होती.

परसात कुणी नव्हतं. ताज्या सारवणावर पाऊल उमटलेलं नव्हतं. दावणीची म्हैस मात्र दाराकडं बघत मागं मागं सरत होती. सगुणाबाईनं पोराला पदराखाली घेतलं आणि परसदाराची कडी लावली.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला हाक आली, "गेनू..." पोरानं आवाजाकडं मान वळवली. सगुणाबाईनं झटकन त्याचे कान झाकले आणि स्वतःच ओ दिली, "आले गं! काम उरकू दे की जरा."

बाहेर सगळं गप्प झालं.

"आजपास्नं गेनू माजं नाव, पोर बिननावाचं," तिनं घरादाराला बजावलं. "पोराला कायबी म्हणा, पन त्याचं नाव कुणी इचारायचं न्हाई." भोरहून आलेला मामा सर्जेराव तोंड उघडणार, तोच तिनं त्याला उंबऱ्यावर गप्प केलं. गावानं तिला गेनूबाई म्हणून चिडवून घेतलं. रोज सांजेला हाक यायची, रोज ती काम उरकायचं निमित्त सांगायची. आधी अक्काबाईसारखा असलेला तो आवाज हळूहळू तिच्या स्वतःच्या आवाजासारखा होत चालला. ते कळल्यापासून ती हसेनाशी झाली.

दुष्काळ आला, गेला. पोरगं बोलायला लागलं. एका दुपारी उंबऱ्यावर बसून त्यानं तिच्याकडं टक लावली. "आजी, माजं नाव काय?"

सगळ्या गावाची तोंडं तिनं बंद केली होती, याचं राहून गेलं होतं. विचारणाऱ्याला तिनं कधी रिकामं पाठवलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडं डोळे भरून बघत राहिली.

"सोनबा," ती म्हणाली.

पोर आपलं नाव ओरडत अंगणभर नाचलं. फुलाबाईला रडू फुटलं. सगुणाबाई मात्र परसदाराकडं बघत होती. याला नाव मिळालं, आता हाकही मारता येईल. आपण फसलो हे त्या नेणारीला कळायच्या आत तिच्या पदरात एक गेनू पडायला हवा होता.

तिनं अंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसलं. सांजेला परसातून हाक आली, हुबेहूब तिच्याच आवाजात.

"उरकलं गं काम," सगुणाबाई म्हणाली आणि परसदारानं बाहेर पडली.

फुलाबाई धावत गेली. परसात कुणी नव्हतं, म्हैस निवांत रवंथ करत होती. सोनबा दारात उभा राहून "आजी, आजी" म्हणून हाका मारू लागला. फुलाबाईनं त्याच्या तोंडावर घट्ट हात ठेवला, कारण बाहेरून कुणी ओ देईल याची तिला भीती वाटली.