गुरुदास आणि मंडळी

मालवणच्या बंदरात ज्या होड्यांची नावं लांबून वाचता येतात, ती गुरुदासनं रंगवलेली. शाळेत माझ्या हाताखाली शिकत होता तेव्हा त्याचं शुद्धलेखन सुमार होतं, पण अक्षर असं की चुकीचा शब्दही बरोबर वाटावा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या की त्याला काम नसे. मग तो घरी बसून माणसं रंगवी.

१९९८ साली विजयदुर्गचा सत्यवान जाळी विणायच्या कामावर इकडे आला आणि गुरुदासकडे भाडेकरू म्हणून राहिला. त्यानं भाडं दिल्याचं कोणी ऐकलं नाही, गुरुदासनं मागितल्याचंही नाही. वाडीला काय समजायचं ते समजलं, बोललं मात्र कोणी नाही. मासे विकणारी शेवंती त्या घरी वाटा पाठवी तो दोन माणसांचा. लग्नपत्रिकेवर लोक न चुकता ‘गुरुदास आणि मंडळी’ असं लिहीत. मंडळी म्हणजे कोण, हे विचारायची पद्धत नव्हती.

पुढे मुंबईतल्या एका प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बाया, अशा खेड्यापाड्यातल्या माणसांवरचंच ते प्रदर्शन होतं. कौतुक पुष्कळ झालं, पण गुरुदास परतला तो खट्टू होऊन. ज्यांच्यात राहायचं त्यांनीच पाहिलं नाही तर काय उपयोग, असं त्याचं म्हणणं. म्हणून २००६च्या मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना, त्यानं देवळाशेजारच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं. नाव ठेवलं ‘आंग’, म्हणजे शरीर. फलक वाचून वाडीतली काशीबाई गुडघा दाखवायला आली. तपासणी शिबिर नाही म्हटल्यावर ती हिरमुसली, पण घरी काही गेली नाही.

देवस्थान समितीचा अध्यक्ष भाई आदल्या दिवशी पाहणी करून गेला. भाई दुष्ट नव्हे. त्याला फक्त सगळं जागच्या जागी लागतं, देवळाबाहेरच्या चपलासुद्धा. चित्रातले शेवंतीचे दणकट उघडे दंड त्यानं चालवून घेतले. नऊवारी नेसलेला मिशीवाला गुरुदासही चालला. दशावतारात बाईचं सोंग दरसाल येतंच. अडलं ते न्हाणीच्या चित्रापाशी. सत्यवान पाटावर उघडा बसला आहे, गुरुदास त्याच्या पाठीवर गरम पाणी ओततो आहे, आणि खुंटीवर एकाच ताग्यातल्या दोन लुंग्या.

भाई म्हणाला, “ह्यां सोंग न्हय.”

“न्हयच,” गुरुदास म्हणाला.

“सगळ्यांका म्हायत आसा, गुरुदासा. पण म्हायत आसलेला भितीर टांगूचा नसता.”

उद्घाटनाला गोंधळ नको, पण ते झालं की ते चित्र उतरवायचं, असं भाईनं बजावलं. ते उतरलं तर मी सगळीच उतरवीन आणि पुन्हा या गावात ब्रश धरणार नाही, असं गुरुदासनं सांगितलं. तो हट्टी नाही, पण एकदा बोलला की बोलला.

आमच्याकडे दुकान उघडो की होडी समुद्रात जावो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. तो मान गावातल्या वडीलधाऱ्या आबांचा. आबा एकेक मागणं मोठ्यानं मांडणार आणि जमलेल्यांनी हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणापासूनची सवय अशी की मागणं पुरतं कानात शिरण्याआधीच तोंडातून होकार निघतो. सर्वांत खणखणीत होकार भाईचा. तो डोळे मिटूनच देतो.

उद्घाटनाच्या दिवशी आबा सकाळी लवकर येऊन न्हाणीच्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. आपल्या पाठीवर बायकोनं असं पाणी कधी ओतलं नाही, एवढंच ते म्हणाले.

सगळे जमल्यावर त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. होडीला वारा मागितला, जाळ्याला मासळी मागितली, काशीबाईच्या गुडघ्याला आराम मागितला. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मग आवाज जराही न बदलता ते म्हणाले, “हे तुझे दोघेय झील, तुझी पोरां, गुरुदास आनि सत्यवान, एका छपराखाली रवतत, तसेच सुखात ठेव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आनि तेंचा न्हाणयेचा चित्र हयसून कोण काढूक येयत, तर तेका तू आडव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सभागृह म्हणालं. त्यात भाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. म्हणून झाल्यावर त्यानं डोळे उघडले.

हे गाऱ्हाणं होतं की ग्रामपंचायतीचा ठराव, असं त्यानं आबांना बाजूला घेऊन विचारलं.

“मी फकत मागलंय,” आबा म्हणाले. “व्हय तू म्हटलंस.”

देवासमोर दिलेला शब्द फिरवायचा तर उलट गाऱ्हाणं घालावं लागतं, आणि तो मानही आबांचाच. भाई रुमालानं मान पुसत राहिला.

सत्यवान इतका वेळ बाहेर रिक्षाला टेकून उभा होता. चित्र उतरलं की ते धरायला कोणी तरी हवं, म्हणून आलेला. शेवंतीनं त्याच्या मनगटाला धरून त्याला आत आणलं. माणूस आपली पाठ कधी पाहतो? घरी हे चित्र कायम फडक्याखाली झाकलेलं. तो त्या चित्रापुढे जाऊन उभा राहिला.

“इतको काळो आसंय मी?” त्यानं हळूच विचारलं.

“सांजवेळ आसा ती,” गुरुदास म्हणाला.

मागे भाई येऊन उभा होता. टाचा उंचावून त्यानं डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

“सत्यवाना, जरा बाजूक सर रे,” तो म्हणाला. “माका दिसणा नाय.”