टेक्निकल डायरेक्टर नेरिस

नेरिस प्रोबर्ट कार्डिफच्या स्टुडिओत व्हिजन मिक्सर होती. मी शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्यावर नावं टाकायचे. समोर पाच कॅमेऱ्यांची चित्रं. दिग्दर्शक म्हणेल ते चित्र नेमक्या क्षणी बटण दाबून पुढं पाठवायचं, हे तिचं काम. हात इतका हलका की चित्र कधी बदललं ते बघणाऱ्याला कळायचंही नाही.

पण तिच्या गावात, मेस्टेगला, या हुद्द्याची थट्टाच व्हायची. रग्बी क्लबातला हेविन तिला पाहिलं की ओरडायचा, "काय गं मिक्सर, आज काय कालवलंस? केक की सिमेंट?" ती हसायची, पण ते तिला लागायचं.

त्या वर्षी एका अमेरिकन कंपनीनं प्रश्नमंजूषेसाठी आमचा स्टुडिओ भाड्यानं घेतला. त्यांची बोली निराळी. आमचा 'प्रोग्रॅम' तो त्यांचा 'शो', आमची 'गॅलरी' ती त्यांची 'कंट्रोल रूम'. आमच्या एकानं "सीरीज शुक्रवारी संपते" म्हटलं, तर त्यांचा एक जण पांढराफटक पडला. आमच्या लेखी यंदाचे भाग संपणार होते. त्याला वाटलं, कार्यक्रमच कायमचा बंद! आणि व्हिजन मिक्सरला ते म्हणायचे 'टेक्निकल डायरेक्टर'. काम तेच, बटणंही तीच.

रविवारी जेवताना नेरिस वडिलांना सहज म्हणाली, "डॅड, ते लोक मला टेक्निकल डायरेक्टर म्हणतात."

तिचे वडील इद्वाल निवृत्त बसड्रायव्हर. बायको गेल्यापासून एकटेच. त्यांनी काटा खाली ठेवला. "डायरेक्टर? माझी पोर?"

खरं काय ते सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि बटाट्यांवर आणखी ग्रेव्ही ओतून घेतली.

संध्याकाळपर्यंत क्लबभर झालं. हेविननं स्वतः बिअर आणून ठेवली. "मॅडम, आजवरचं माफ करा. म्हणजे आता सगळे तुमचं ऐकतात?"

"ऐकावंच लागतं," नेरिस म्हणाली. हे तिनंच मला पुढं सांगितलं, मान खाली घालून.

मग एक दिवस इद्वाल हेविनला घेऊन चित्रीकरण बघायला आले. लग्नाकार्याचा सूट घातलेला. नको म्हणायला तिची जीभ रेटली नाही. दोघं गॅलरीत मागच्या भिंतीशी उभे राहिले. त्या दिवशी तिचं बटण क्षणभर मागं पडत होतं.

"कॅमेरा दोन घे! दोन!" दिग्दर्शक लोरेन ओरडली. "उशीर झाला, नेरिस! जागी आहेस ना?"

इद्वाल पुढं झाले. "ओ बाई, माझ्या मुलीशी नीट बोला. इथली डायरेक्टर ती आहे."

लोरेन वळली. "कोण?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नेरिस मागं न बघता म्हणाली, "डॅड, बाहेर जा. प्लीज." 'चूक माझी आहे' एवढंही तिच्या तोंडून निघालं नाही. हेविननं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

सुट्टी होताच ती कोटाशिवायच धावली. मी कोट घेऊन मागोमाग गेले. इद्वाल गाडीत बसले होते, काच अर्धी खाली.

"डॅड, ते नुसतं नाव आहे रे. मी बटणंच दाबते."

"ते मला ठाऊक होतं का?"

"मी सांगायला हवं होतं."

"चारचौघांत माझं हसं झालं, ते एक वेळ जाऊ दे," ते म्हणाले. "पण तू मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीस, पोरी."

हेविन बोनेटशी उभा राहून बुटांकडे बघत होता.

शनिवारी ती क्लबात गेली आणि सगळ्यांपुढं उभी राहून खरं सांगून टाकलं. कुणीतरी म्हणालं, "बरं बरं, बस आता." त्या दिवशी इद्वाल आले नव्हते.

रविवारचं जेवण अजून होतं. ते पावसाचं बोलतात, शेजारच्या कुत्र्याचं बोलतात. कामाचं मात्र चकार शब्दानं विचारत नाहीत. पुढच्या वर्षी अमेरिकन मंडळी परत आली, तेव्हा नेरिसनं ते काम दुसरीला दिलं. मी कारण विचारलं.

"मागे भिंतीशी डॅड उभा होता ना," ती म्हणाली, "त्यांच्या शोला खुर्चीत बसलं की मान मागं वळते गं माझी."