तुइरेची पहिली चूक

फिनलंडमधल्या आमच्या तुर्कूच्या प्रयोगशाळेत ज्याच्या हातून चूक होते त्याने शुक्रवारच्या कॉफीला घरी भाजलेला पुल्ला आणायचा असतो. हा वेलदोडा घातलेला गोड पाव मी वर्षातून चारदा तरी आणतो. तुइरे लेहतोवाराने बावीस वर्षांत एकदाही आणला नव्हता. आम्ही दोघेही तंत्रज्ञ, पण तिच्या हातून एका नळीतला थेंब दुसरीत पडणं शक्यच नव्हतं. बोलणं कामापुरतं. नवरा गेला त्या आठवड्यातही ती मला एवढंच म्हणाली, की गुरुवारी ती येणार नाही, तिने बशीत वाढवलेल्या पेशींना खाणं मी घालावं.

आमचं काम रक्तातल्या संरक्षक पेशींचं. या पेशी आपल्या मनाने वाढत नाहीत, बाहेरून निरोप यावा लागतो. तो पेशीच्या कडेला पोचला की आत एक प्रथिन दुसऱ्याला कळवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि असा तो केंद्रापर्यंत गेला की पेशी वाढते. निरोप थांबला की वाढही थांबते. काही रुग्णांमध्ये मात्र मधलंच एखादं प्रथिन निरोप नसताना जागं राहतं आणि पेशी वाढतच जातात. तो कर्करोगच, फक्त संथ. त्यांच्याशी ताडून पाहायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते तुइरे द्यायची, दर महिन्याला, बाही वर करून. तिच्या नळ्यांवर लिहिलेलं असायचं ‘निरोगी ४’, म्हणजे रक्त देणारी चौथी निरोगी व्यक्ती.

मार्चमधल्या एका सोमवारी तिच्या रक्ताची एक नळी, जिला आम्ही निरोप दिलाच नव्हता, यंत्रात घातली तर आत निरोप चालू दिसला. पीएचडी करणारा आर्नी हसला. “निरोपाचा थेंब भलत्या नळीत पडलाय, तुइरे. या शुक्रवारचा पुल्ला तुझा.” तिने लगेच मान्य केलं, आणि मला तेच खटकलं. तिचा कागद मी पाहिला होता. प्रत्येक नळीपुढे ती भरतानाच केलेली तिची बारीक खूण होती. बुधवारी ताज्या रक्तावर पुन्हा केलं, तरी तेच.

शुक्रवारी तिने दोन मोठे पुल्ले आणले, वरून साखर भुरभुरलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं, चला, तुइरेही माणूसच निघाली. कोणी म्हणालं, आता चष्मा बदल. ती सगळ्यांना दुसरा तुकडा वाढत राहिली.

“दोन्ही वेळा माझ्याच हातून झालं,” ती म्हणाली.

तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिला ती चूक हवी होती. चूक नसेल तर दोष तिच्या रक्तातच होता.

सोमवारी मी म्हटलं, या वेळी नळ्या मी भरतो, आणि शेजारी माझंही रक्त लावतो. माझी नळी शांत निघाली, तिच्या नळीत निरोप चालूच. खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. मग त्याची लाज वाटली, आणि मग काहीच वाटेना. आर्नी पडद्याकडे बघत बसला. त्याच्या प्रबंधातल्या प्रत्येक तुलनेत ‘निरोगी ४’ होती.

“गोठवलेल्या जुन्या नळ्या काढू,” तुइरे म्हणाली. “कधीपासून ते कळेल.”

“तू आधी डॉक्टरकडे जा गं,” मी म्हटलं.

“उद्या अकराची वेळ घेतलीय. आज मोकळी आहे.”

मग दर वर्षाची एक नळी आम्ही वितळवली. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून नेहमीच्याच आवाजात वर्षं वाचत होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं शांत होतं. नंतर थोडासा निरोप, महिन्या-महिन्याला कोणाच्या लक्षात येणार नाही इतका, मग जास्त. ती पलीकडे आर्नीच्या टेबलाशी गेली.

“तीन वर्षांपूर्वीपर्यंतचं सगळं तुला चालेल,” ती त्याला म्हणाली. “पुढचंही टाकू नकोस. रुग्णांच्या यादीत घाल.”

तिने त्याच्याकडून माउस घेतला आणि स्वतःच्या त्या तीन वर्षांच्या ओळी एकेक करून रुग्णांच्या यादीत नेल्या. वेळ लागला, पण एकही राहू दिली नाही. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, पुढच्या महिन्यापासून रक्त मी देईन का. मी हो म्हटलं.

“येताना खाऊन ये,” ती म्हणाली. “नाहीतर चक्कर येते.”