सोळांतला एक सोमवार

‘पोरीचं वर्ष वाया घालवलंस,’ असं मला अजूनही कुणी ना कुणी ऐकवतं. ऐकवू देत. मी तेव्हाही मान खाली घातली नव्हती, आताही घालणार नाही.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. माझं सासर खंडाळ्याकडचं. तिथे घरटी एक माणूस फौजेत. माझे सासरेही होते. पुरुषांनी ट्रंक उचलून जायचं आणि बायकांनी मागे राहून पोरं, म्हशी, म्हातारी माणसं सांभाळायची, ही गावाची रीत. माझ्या नवऱ्यानं फौजेऐवजी बोट धरली, मालवाहू जहाजावर इंजिनिअर झाला, पण रीत काही बदलली नाही. आमची लेक चार वर्षांची असताना हे असेच एकदा बॅग घेऊन दारात उभे राहिले. लेक आत पळत आली आणि म्हणाली, “आई, पाव्हणं आल्यात.” सगळं घर खो खो हसलं. मला हसू आलं नाही.

लेक सातवीत आणि मुलगा तिसरीत असताना ह्यांना सगळ्या जगाला वळसा घालणारी बोट मिळाली. कुटुंब नेण्याची परवानगी होती. दिवाळीनंतर निघायचं, जूनमध्ये परत. म्हणजे मुलांची वार्षिक परीक्षा बुडणार. एका पारड्यात पोरीचं वर्ष, दुसऱ्यात पोरीचा बाप. मी म्हटलं, आम्ही येणार.

मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. चुलत दीर म्हणाले, “वयनी, शाळा म्हंजी काय जत्रा हाय व्हय, मनाला येईल तवा उठून जायाला?” सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “निगालीस तर नीग. पर सोळा सोमवार धर. समदी सुकरूप माघारी येऊ द्यात. आन् मदी एक जरी चुकला, तर पयल्यापास्नं धरायचं.” हे व्रत मला मान्य होतं. माझ्या आईनं तासगावहून उपासासाठी पिशवीभर बेदाणे पाठवले.

जग पाहिलं असं मी छाती फुगवून सांगत नाही. पाहिलं ते मुख्यतः पाणी, आणि अधूनमधून क्रेनांनी भरलेली बंदरं. पण दुपारी हे इंजिनरूममधून वर यायचे, आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही बूट ठकठक आपटून काढायचे आणि लेकीला गणितं घालायचे. ती चुकली की ओरडायचे. सुरुवातीला ती गप्प राहायची. मग एके दिवशी तीही ओरडली, “तुमीच चुकीचं सांगितलंय!” दोघांचं असं जुंपलं की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. मला आनंदानं रडू आलं. पाहुण्याशी कुणी भांडत नाही.

अमेरिका मागे टाकून जपानकडे निघालो होतो. एका रविवारी जेवताना कप्तानानं सांगितलं, उद्या मंगळवार. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी ह्यांना म्हटलं, “माझा अकरावा सोमवार आहे उद्या. तो कुठे गेला?” हे हसायला लागले. शेवटी लेकीनं एक संत्रं घेतलं, त्यावर बेदाणा फिरवला आणि सूर्याच्या मागे मागे जाणाऱ्याचा एक दिवस कसा गळतो ते मला समजावलं. मला निम्मं कळलं, पण सोमवार नाही एवढं पक्कं कळलं. हे म्हणाले, “मंगळवारी धर की उपास. तिकडे कुणाला कळतंय?” मी म्हटलं, मंगळवार गणपतीचा. बापाचा उपास लेकाच्या वारी करायचा नाही. अकरावा मी पुढच्या सोमवारी धरला. सोळा पुरे झाले, पण मध्ये एक खाडा पडला.

घरी आल्यावर सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, एक सोमवार आलाच नाही. लपवायचं कशाला? त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, “ज्यो दिस म्हादेवानंच दिला न्हाई, त्येचा उपास कसला? ये आत.”

मुलाच्या शाळेत गुरुजींनी त्याच्याकडून एक धडा वाचून घेतला आणि त्याला चौथीत बसवलं. लेकीच्या हायस्कुलात मात्र हेडमास्तर हटून बसले. वार्षिक परीक्षा नाही, तर आठवी नाही. मी म्हटलं, आत्ता घ्या परीक्षा, इथेच बसते ती. नियमात नाही म्हणाले. गावातल्या बायका माझी समजूत घालायला आल्या, “पोराचं वाचलं न्हवं? मग झालं की.” माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी हेडमास्तरांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा सासूबाई न बोलावता बरोबर आल्या. ऑफिसात खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. “आवं गुर्जी,” त्या म्हणाल्या, “माजा मालक पल्टनीत हुता, तवा माजी किती वर्सं वाया गेली, ती कुणी मोजली न्हाईत. म्हादेवानं माज्या सुनंचा एक सोमवार सोडला. तुमच्यानं एक वर्स सोडवंना व्हय?”

हेडमास्तरांनी पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. “आजी, नियम आहे,” म्हणाले.

लेक पुन्हा सातवीत बसली. मैत्रिणी तिच्या वर्गावरून आठवीत जायच्या, तेव्हा पहिला आठवडाभर ती घरी येऊन रडली. तिचं रडणं मला लागलं नाही असं कोण म्हणेल? पण ‘नेलं नसतं तर बरं झालं असतं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, कारण ते खोटं होतं. हे पुढच्या बोटीवर एकटेच गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी लेक दाराकडे पाठ करून अभ्यास करत होती. ह्यांच्या येण्याची तारीख नक्की नव्हती. बाहेर पायरीवर बूट ठकठक वाजले. तिनं वहीतून डोकं वर काढलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

“आई, बाबा आले. चहा टाक.”

वर्ष वाया गेलं म्हणे.