बोरीच्या विहिरीतली झडप

"इंजिन तर चालायलंय. पाणी कुठं हाय?"

बोरीचे जमीनदार अप्पा तिसऱ्या दिवशीही हेच विचारत होते. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागत होता. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि समोर लिंबाखाली बाजेवर माझे वडील, नाना, बसले होते.

नाना परभणीच्या अदालतीत मोहरीर, म्हणजे कारकून. मुलानं वकील व्हावं म्हणून त्यांनी मला हैदराबादला कॉलेजात घातलं. मी कायद्याचे तास बुडवून एका इंजिनच्या वर्कशॉपात जाऊन बसायचो. वर्षभरानं कॉलेजच सोडलं आणि अप्पांच्या विहिरीवर पाण्याचं इंजिन बसवायचं काम घेतलं. आता कॉलेजचं पत्र नानांच्या कोटाच्या खिशात होतं: सोमवारपर्यंत हजर झाल्यास नाव पटावर राहील. "पाणी काढून दाखव, मी बोलणार नाही," नाना म्हणाले होते. "नाही निघालं तर रविवारी पूर्णेहून हैदराबादची गाडी धरायची." तो दिवस शनिवार होता.

पहिल्या दिवशी पाणी निघालं होतं, हे मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो. आधी पूजा झाली. महादेवाला वाहिलेला बेल पायदळी येऊ नये म्हणून अप्पांच्या घरचे तो पाण्यात सोडतात. टोपली भरलेली होती. इंजिनवालाही भाविक आहे हे दिसावं म्हणून मी पुढं होऊन ती स्वतःच्या हातानं विहिरीत रिकामी केली. मग इंजिन लावलं. घटकाभर पाट खळाळला. जेवणासाठी बंद केलं, आणि पुन्हा सुरू केलं तर पाणी नाही.

इंजिनवर चालणाऱ्या पंपाला आधी पाणी पाजावं लागतं. त्याला प्रायमिंग म्हणतात. पाइपाच्या तळाशी, विहिरीत, फूटव्हॉल्व्ह नावाची झडप असते. पाजलेलं पाणी ती धरून ठेवते. मी बादल्यांवर बादल्या ओतत होतो आणि पाणी खाली निघून जात होतं. संशय कुणाचा घ्यायचा हे वर्कशॉपातल्या झाडूवाल्यालाही कळलं असतं.

मी इंजिन उघडलं. नोझल काढलं, साफ केलं, बसवलं. पट्टा ताणला. गॅस्केटं बदलली. हवा शिरू नये म्हणून सांध्यांना सुतळी आणि सफेदा लावला. तीन दिवस मी कोरड्या जमिनीवरचा एकेक नट खोलला, कारण झडप दोन पुरुष खोल पाण्याखाली होती आणि मला पोहता येत नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. वकिलीतली तेवढी विद्या मात्र अंगात मुरली होती.

अप्पांचा मोटकरी दगडूबा. बैलांकडून कातड्याची मोट ओढवून पाणी काढायचं, यात त्याची अर्धी हयात गेलेली. इंजिन आलं तसे त्याचे बैल रिकामे झाले. पंप बिघडलेला बघत तो तीन दिवस विडी ओढत बसला होता. त्याला आनंदच व्हायला हवा होता. दुपारी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सायेब, तुमी समदं खोललं. हिरीतलं तेवढं ऱ्हायलं. पवता येत न्हाई का?"

मी मान हलवली. खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

तो पायऱ्या उतरला आणि त्यानं बुडी मारली. दोनदा रिकामा वर आला. तिसऱ्यांदा मूठ वर आली, त्यात देठांसकट बेलाची पानं. पाइपाच्या तोंडाला जाळी लावायची असते, ती मी उद्घाटनाच्या घाईत लावलीच नव्हती. पानं आत ओढली गेली आणि झडप मिटेना.

"टोपली कोणी वतली होती?" अप्पांनी विचारलं. दगडूबा मुद्दाम बैलांकडं बघत राहिला.

"मी," मी म्हणालो.

दगडूबानंच बुडी मारून जाळी बसवली, मी पाणी पाजलं, पाट भरला. नानांनी पाटाच्या कडेला बसून तोंड धुतलं. कोरडे झाल्यावर म्हणाले, "पटावरून नाव काढा म्हणून कॉलेजला मीच लिहितो. तू आधी पोहायला शीक."

दगडूबाची मोट त्याच आठवड्यात माळ्यावर गेली. ती मीच घालवली, त्याच्याच मदतीनं. हे तेव्हा सुचलं नाही.

पोहायला मी अजून शिकलेलो नाही. जिथं उतरायची भीती वाटते तिथला बिघाड आपल्याला सगळ्यात शेवटी दिसतो. म्हणून पुढं नव्या गावात इंजिन बसवायला गेलो की पेटी उघडण्याआधी एवढंच विचारायचो, इथला मोटकरी कोण होता.