ग्लेनिस पॅस्कोचे भीतीचे खेळ

तिसरी घंटा कारिंगा गावाच्या सभागृहात कधी झाली नाही. ग्लेनिस पॅस्को चहाच्या किटलीवर चमच्याने टकटक करायची, की कुजबुज थांबायची. खिडक्यांवर जाड कापडं टांगलेली, त्यांच्या फटींतून फेब्रुवारीचं, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याचं, पांढरंफटक ऊन आत घुसलेलं. वर पत्रा तडतडतोय, बाहेर निलगिरीवर काकाकुव्यांचा कलकलाट. आणि पडद्यासमोर फुलाफुलांचा झगा घातलेली, सत्तरी ओलांडलेली ही बाई, हातात खोबरं लावलेल्या केकची थाळी.

"बसा, बसा. आज बरीच माणसं मरणार आहेत. केक आधी खाऊन घ्या, नंतर घशाखाली उतरायचा नाही."

महिन्यातल्या एका रविवारी ग्लेनिस भीतीचा सिनेमा दाखवायची, आणि तोही भर दुपारी. रात्री काय, कुणीही घाबरतं, असं तिचं म्हणणं. दुपारी जेवून सुस्तावलेल्या माणसाला घाम फोडून दाखवा, मग मानते.

शेजारीण म्हणून डल्सीला पहिल्या रांगेत बसावंच लागे. विधवा, पोस्टातून निवृत्त झालेली, स्वभावाने भित्री. ती लोकरी स्वेटर डोळ्यांवर धरायची आणि काजांच्या भोकांतून जेवढं दिसेल तेवढं बघायची. "अगं, तिकिटाचे पैसे पूर्ण दिलेस ना? मग अर्धाच सिनेमा काय बघतेस?" ग्लेनिस तिला सगळ्यांदेखत विचारी.

सिनेमांचे तिने दोन भाग पाडले होते. सुरीवाले आणि डोक्यातले. सुरीवाल्यांवर तिचा जीव होता. मुखवटा घातलेला माणूस सावकाश चालत येतो, पळणारी पोरं धडपडतात, रक्ताचे पाट वाहतात. लोक किंचाळतात, हसतात, एकमेकांना धरतात आणि घरी जाऊन दुप्पट जेवतात. "जत्रेतला पाळणा आहे तो. खाली उतरायचंय हे ठाऊक असतं." मात्र शेवटी मुखवटा काढून खुन्याचं बालपण सांगायला लागले, की ती उठून कपबशा विसळायला जायची. "आईने मारलं होतं म्हणे त्याला! मला नव्हतं का मारलं आईने?" आणि एकदम कर्कश आवाज करून दचकवणं तर तिला लबाडी वाटे. कानाशी डबा बडवला तर गायसुद्धा दचकते. त्यात दिग्दर्शकाची कसली करामत?

डोक्यातल्या सिनेमांविषयी मात्र ती आवाज खाली आणून बोलायची. त्यात कुणी कुणाला मारत नाही. बाई भांडी पुसत असते, नवरा पेपर वाचत असतो, दार सताड उघडं असतं. तरी कुणी बाहेर पडत नाही.

"सुरीवाला बाहेरून येतो, डल्सी, त्याला कडी लावता येते. इथे घरच माणसाची समजूत घालतं, बस, कुठे जातोस? आणि माणूस बसतो. अगदी शांतपणे बसतो. त्या शांतपणाला मी घाबरते."

तिचा नवरा नेव्ह खेळाला कधी फिरकला नाही. गोरगरिबाने पैसे मोजून घाबरायचं म्हणजे काय, असं म्हणून तो घरी पाण्याचा पंप खोलून बसायचा. कारिंगा डोंगराच्या कुशीत, चहूकडे निलगिरीचं रान. दर उन्हाळ्यात तिथल्या प्रत्येक घरात एकच वाद होतो. वणवा पेटला तर लवकर निघायचं, की थांबून घर वाचवायचं? ग्लेनिसचं उत्तर ठरलेलं होतं, सकाळीच निघायचं. नेव्ह हिवाळाभर मान डोलवायचा. "हो गं, निघू की." उन्हाळा आला की पंपाला नवीन नळी आणायचा.

त्या शनिवारी सकाळपासून उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा वारा सुटला होता. तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखा. दुपारी आकाश तपकिरी झालं, काकाकुवे गप्प झाले. डल्सीने मांजराची टोपली मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी पॅस्कोंच्या फाटकाशी लावली.

ग्लेनिस पिशवी घेऊन आली, शेजारी बसली, पट्टाही लावला. नेव्ह शिडीवर होता. उडत्या ठिणग्यांनी छप्पर पेटू नये म्हणून पन्हळीच्या तोंडात टेनिसचे चेंडू कोंबून तो ती पाण्याने भरत होता, शीळ घालत.

"नेव्ह, चल रे! डल्सी थांबलीय!"

"तुम्ही व्हा पुढे, ग्लेन. मी आहे इथे. काही होत नाही."

किती गोड बोलला! डल्सीला बरं वाटलं. ग्लेनिसचा चेहरा मात्र उतरला.

"बघितलंस? पडद्यावर असा माणूस दिसला की मी काय म्हणते?"

"काय म्हणतेस?"

"म्हणते, गेला हा." तिने पट्टा सोडला. "आलेच त्याला घेऊन."

डल्सीने तिचं मनगट धरलं. "जाऊ नकोस गं! परत घरात शिरणाऱ्या पोरींना तूच तर शिव्या घालतेस!"

"त्या परक्याच्या पोरी," ग्लेनिस हसून म्हणाली, आणि गेली.

मग नुसता वाऱ्याचा आवाज. शिडीखाली उभी राहून ती काहीतरी बोलत होती, तो मान डोलवत होता आणि पाणी ओतत होता. गाडीच्या काचेवर जळकी पानं पडू लागली. तेवढ्यात अग्निशमन दलाचा रेक्स टॉली ट्रकमधून ओरडत आला. "डल्सी, वेड लागलंय का तुला? वारा फिरलाय! आत्ताच्या आत्ता निघ!" फाटकाकडे हात करून तो त्यांच्यासाठीही ओरडला, पण ट्रकला पुढच्या वळणावरची शाळा गाठायची होती.

डल्सी जेमतेम निसटली. वणवा डोंगर उतरला तो गाडीच्या वेगाने. दुसऱ्या दिवशी रेक्स तिथे पोचला तेव्हा पॅस्कोंच्या घराचं फक्त धुराडं उभं होतं. दोघं न्हाणीघरात सापडली, एकमेकांना धरून. गाव सोडून आलेल्यांसाठी मैदानावर उभारलेल्या तंबूत येऊन रेक्सने डल्सीला हे सांगितलं.

पुढे लोक डल्सीला विचारत राहिले, शेवटचं काय म्हणाली ग्लेनिस? त्यांना वाटे, आयुष्यभर मरणाचे खेळ दाखवणारी बाई, जाताना टाळीचं वाक्य टाकून गेली असणार. डल्सी सगळ्यांना तेच सांगते, कारण तेवढंच घडलं. रेक्सचा ट्रक गेल्यावर ग्लेनिस धावत फाटकापर्यंत आली. तिच्या मागे नेव्ह अजून शिडीच्या वरच्या पायरीवरच होता, पाठ गाडीकडे, दोन्ही हात पन्हळीत. ग्लेनिसने वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती गाडीच्या खिडकीशी वाकली, आणि डल्सीने तिचा इतका शांत आवाज कधीच ऐकला नव्हता.

"तू हो पुढे. येतोय गं तो. गुडघ्यामुळे शिडी उतरायला वेळ लागतो त्याला, एवढंच."