सुकटीच्या डब्यातली गोळी

गोळ्यांची बाटली हातात पडली की हिराजीकाका ती आधी कानाशी हलवत, मग हुंगत, आणि मग माझ्यापुढे धरत. "आदी तू खा एक."

पनवेलच्या आमच्या इस्पितळात हृदय कमजोर झालेल्या रुग्णांवर एका नव्या गोळीचा मोठा अभ्यास चालू होता. देशभरातली कितीतरी इस्पितळं त्यात होती. नेहमीची औषधं सगळ्यांनाच. त्यावर काहींना नवी गोळी, काहींना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसे आणि बाटल्या देणाऱ्या मलाही. काकांना हे कधीच पटलं नाही. "तुला म्हाईत नाय? मंग पगार कशाचा घेतेस?"

गव्हाणचा हा माणूस वजनकाट्यावरही संशय घ्यायचा, तो जागेवरून हलवल्याशिवाय वर चढायचा नाही. घरी बाटली ठेवायचा सुकटीच्या डब्यात. "तितं कोन हात घालनार?" त्यांची रिकामी बाटली परत आली की मी नाक दाबूनच जमा करायची.

बाकावर त्यांच्या शेजारी इब्राहिमभाई असत. बाजारात त्यांचं मासेमारीची जाळी-दोरखंडांचं दुकान, आणि दोघांची दोस्ती जुनी. भाईंचा सगळ्यांवर विश्वास. तेही याच अभ्यासात होते. पण काकांच्या पायांची सूज उतरली आणि भाईंची काही हलेना. काका माझ्याकडे रोखून बघू लागले. "त्याच्या बाटलीन माती हाय. आनि तुला ठावं हाय." मी शपथा घेऊन दमले.

पुढच्या खेपेला सगळं उलटंच. भाईंचे पाय हलके झालेले, आणि काकांना धाप लागलेली. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. भाईंनी रिकामी बाटली माझ्या हातात दिली आणि भसकन सुकटीचा वास आला. लेबल बघितलं, तर नंबर काकांचा.

मी भडकले. भाई बिचारे गोंधळले. इस्पितळानेच बाटल्या बदलायला सांगितल्यात, असं काकांनी त्यांना पटवलं होतं.

"काका, जिवावर बेतलं असतं तुमच्या."

"बेतू दे. माज्या मागं पोरं हायत. तो एकटा हाय, दुकानाचं शटर कोन उघडंल?"

नियम मोडला म्हणून अभ्यासातली गोळी दोघांचीही बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो, आणि मग डोळे भरतात.

अभ्यास संपला आणि कोणाला काय मिळालं ते उघड झालं. भाई विचारायला आले. "दोघांचीही खरीच होती, भाई," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

मी पुढे केलेली यादी त्यांनी न बघताच बाजूला सारली. मग कधी नव्हे ते काकांसारखं माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "खोटं बोलताय बाई तुम्ही. माझी मातीच होती. हिराजीने स्वतःची दिली, म्हणून मी आज इथे बसलोय."